कॅप्टन राम सिंह ठाकुरी : 'कदम कदम बढाये जा'चे संगीतकार

प्रजासत्ताक दिनाचे संचलन, लष्करी प्रबोधिनीतील दीक्षान्त सोहळा किंवा शाळेच्या मैदानावरील कवायत यांपैकी कोठेही 'कदम कदम बढाये जा' या गीताची धून कानी पडली, की ती ओळखू न येणारा भारतीय विरळाच. ही धून ज्यांनी बांधली त्या कॅप्टन राम सिंह ठाकुरी यांचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. ब्रिटिश हिंदी सैन्यातील गुरखा सैनिक, जपानचे युद्धकैदी, आझाद हिंद फौजेचे संगीतकार आणि स्वतंत्र भारतात उत्तर प्रदेश पोलीस दलाचे बँडप्रमुख असा त्यांचा जीवनप्रवास होता. २००२ मध्ये लखनौ येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाशी निगडित असलेला राष्ट्रगीताच्या चालीविषयीचा वाद आजही अधूनमधून डोके वर काढतो. त्यामुळे त्यांचे नेमके कार्य कोणते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

धर्मशाळेजवळील बालपण

राम सिंह यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१४ रोजी आजच्या हिमाचल प्रदेशातील धर्मशाळेजवळच्या खनियारा या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे कुमाऊंतील पिथौरागढ परिसरातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे पूर्वज धर्मशाळा परिसरात येऊन स्थायिक झाले. धर्मशाळा हे त्या काळी गुरखा पलटणींचे प्रमुख ठाणे होते. गावातील मुलांच्या कानांवर लहानपणापासून बिगुल, ढोल आणि पितळी वाद्यांचे स्वर पडत असत आणि मुलगा मोठा झाला की त्याने पलटणीत जावे, अशी घराघरांत रीत होती. राम सिंह यांच्या आजोळीही संगीताची आवड होती. आईच्या वडिलांनी त्यांच्या या ओढीला प्रोत्साहन दिले.

किशोरवयातच राम सिंह पहिल्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमध्ये दाखल झाले. तेथे इंग्रज संगीतशिक्षकांच्या हाताखाली त्यांना पाश्चात्य संगीताचे रीतसर शिक्षण मिळाले. स्वरलिपी वाचणे, पितळी वाद्ये वाजवणे, तंतुवाद्यांचा वृंद सांभाळणे अशा अनेक गोष्टी त्यांनी आत्मसात केल्या. व्हायोलिन हे त्यांचे आवडते वाद्य ठरले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

पलटणीच्या बँडमधील वादक हा प्रथम सैनिक असतो. राम सिंहही त्याला अपवाद नव्हते. वायव्य सरहद्द प्रांतातील मोहिमेत दाखवलेल्या शौर्याबद्दल १९३७ मध्ये त्यांना किंग जॉर्ज सहावे पदक प्रदान करण्यात आले. पुढे ते हवालदार मेजर या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाचे सावट पूर्व आशियावर पडू लागले असताना, त्यांची बटालियन मलायात रवाना झाली.

मलायातील पराभव आणि आझाद हिंद फौज

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायाच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले आणि अवघ्या दोन महिन्यांत त्याने संपूर्ण द्वीपकल्प पादाक्रांत केला. जानेवारी १९४२ मध्ये स्लिम नदीकाठच्या लढाईत जपानी रणगाड्यांनी ब्रिटिश संरक्षणफळी फोडली. या लढाईत राम सिंह यांच्या बटालियनची दाणादाण उडाली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. राम सिंहही त्या कैद्यांमध्ये होते.

या युद्धकैद्यांमधूनच कॅप्टन मोहन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आझाद हिंद फौजेची उभारणी झाली. जपानी अधिकाऱ्यांशी मतभेद झाल्याने १९४२ च्या अखेरीस ही पहिली फौज विस्कळीत झाली. रासबिहारी बोस यांनी चळवळ जिवंत ठेवली आणि जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आल्यानंतर फौजेला नवे चैतन्य लाभले. ४ जुलै १९४३ रोजी कॅथे इमारतीतील सभागृहात झालेल्या सभेत नेताजींनी नेतृत्वाची सूत्रे स्वीकारली. नेताजींच्या स्वागतासाठी राम सिंह यांनी एक गीत स्वरबद्ध केले होते. या पहिल्या भेटीतच नेताजींनी त्यांच्यातील गुण हेरले, असे राम सिंह पुढे मुलाखतींतून सांगत असत. नेताजींनी भेट दिलेले व्हायोलिन त्यांनी आयुष्यभर जपले.

फौजेला गीतांची गरज का भासली?

आझाद हिंद फौजेची रचना पाहता संगीताचे महत्त्व सहज ध्यानात येते. फौजेत पंजाबी, गढवाली, डोगरा, गुरखा, मराठा अशा विविध पलटणींतून आलेले सैनिक होते. जुन्या सैन्यात प्रत्येक पलटणीची स्वतंत्र ओळख, स्वतंत्र युद्धघोषणा आणि स्वतंत्र संचलनगीत असे. त्यांच्या जोडीला मलाया आणि ब्रह्मदेशातील भारतीय वस्तीमधून हजारो नवे स्वयंसेवक आले. त्यांत रबराच्या मळ्यांत काम करणाऱ्या तमिळ मजुरांची संख्या मोठी होती. झाशी राणी रेजिमेंटमधील अनेक युवतींनी तर भारतभूमीचे दर्शनही घेतलेले नव्हते.

अशा फौजेला एका सूत्रात बांधण्यासाठी नेताजींनी 'जय हिंद' हे समान अभिवादन स्वीकारले, सोपी हिंदुस्थानी ही व्यवहाराची भाषा ठरवली आणि सर्वांना गाता येतील अशा गीतांचा आग्रह धरला. फौजेच्या चीफ ऑफ स्टाफ या पदावर काम केलेले जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडी परिसरातील तिरोडे गावचे होते. मराठी मातृभाषा असलेला अधिकारी, तमिळ भाषक शिपाई आणि गुरखा संगीतकार हे सारे एकच गीत म्हणत एकाच तालावर पावले टाकत होते, हे दृश्य त्या फौजेपुरते नवे नव्हते. पण ब्रिटिश सैन्याच्या तोवरच्या परंपरेत त्याला जागा नव्हती.

संचलनगीताचे तंत्र

संचलनगीताची चाल बांधणे वरवर सोपे वाटते, परंतु त्याचे नियम कठोर असतात. द्रुतगती संचलनात सैनिक मिनिटाला साधारण १२० पावले टाकतो. गीताचा ताल या वेगाशी तंतोतंत जुळावा लागतो. ढोलाचा जोरकस ठोका डाव्या पावलावर पडावा लागतो, कारण संचलनाचा आरंभ डाव्या पावलाने होतो. गाणारा सैनिक चालत असल्याने त्याचा दम टिकेल इतक्याच लांबीची ओळ असावी लागते. संगीताचे शिक्षण नसलेल्या माणसालाही पेलवेल एवढ्याच स्वरांच्या मर्यादेत चाल राहावी लागते. शिवाय केवळ पितळी वाद्यांवर, शब्दांविना वाजवली तरी ती उभी राहिली पाहिजे.

'कदम कदम बढाये जा' हे गीत या सर्व कसोट्यांवर उतरते. त्याचे शब्द अवधी व हिंदी कवी पंडित वंशीधर शुक्ल यांचे मानले जातात. शीर्षकातील पहिले दोन शब्दच पावलांचा ठेका धरतात. राम सिंह यांनी या नैसर्गिक लयीला धक्का न लावता सरळ, चढत जाणारी आणि पुनःपुन्हा मूळ ओळीवर परतणारी चाल बांधली. एकदा ऐकल्यावर ती विसरता येत नाही आणि दुसऱ्या वेळी ऐकताना पाय आपोआप ताल धरतात. गुरखा पलटणीच्या बँडमध्ये घालवलेली वर्षे या चालीमागे होती. ज्या तंत्राचे शिक्षण ब्रिटिश सैन्याने त्यांना दिले, तेच तंत्र त्यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभ्या ठाकलेल्या फौजेसाठी वापरले.

'कौमी तराना' आणि कॅथे इमारत

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. सरकार म्हटले की ध्वज आणि राष्ट्रगीत ओघानेच आले. रवींद्रनाथ टागोर यांच्या 'जन गण मन' या गीताकडे नेताजींचा ओढा पूर्वीपासून होता. बर्लिनमधील फ्री इंडिया सेंटरने १९४१ मध्येच ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले होते आणि सप्टेंबर १९४२ मध्ये हॅम्बुर्ग येथील एका समारंभात ते वाद्यवृंदाने वाजवले होते.

तथापि मूळ गीताची संस्कृतप्रचुर बंगाली सर्व सैनिकांना समजणे कठीण होते. म्हणून आबिद हसन आणि मुमताज हुसेन यांनी टागोरांच्या गीताच्या आधारे सोप्या हिंदुस्थानीत 'शुभ सुख चैन' हे गीत रचले. तेच आझाद हिंद सरकारचे 'कौमी तराना' ठरले आणि त्याला बँडवर वाजवता येईल असे संगीतरूप देण्याची जबाबदारी राम सिंह यांच्यावर सोपवण्यात आली.

या कामाविषयीची एक आठवण राम सिंह नेहमी सांगत. ज्या वेळी हे गीत प्रथम वाजेल, त्या वेळी कॅथे इमारत दुभंगून वरचे आकाश दिसावे एवढे सामर्थ्य त्या संगीतात असले पाहिजे, अशी अपेक्षा नेताजींनी त्यांच्याजवळ व्यक्त केली होती. इमारत दुभंगली नाही. मात्र राम सिंह यांनी हे काम समाधानकारकरीत्या पूर्ण केले आणि नेताजींनी त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवले. आझाद हिंद फौजेत त्यांना कॅप्टन हा हुद्दा मिळाला होता आणि पुढे सर्वत्र ते कॅप्टन राम सिंह याच नावाने ओळखले गेले.

राष्ट्रगीताची चाल कोणाची?

राम सिंह यांच्या नावाभोवतीचा वाद येथूनच सुरू होतो. भारताच्या राष्ट्रगीताची चाल मूळची राम सिंह यांची आहे, असा दावा त्यांच्या हयातीत आणि त्यानंतरही वेळोवेळी करण्यात आला. उपलब्ध घटनाक्रम पाहता हा दावा त्या स्वरूपात टिकत नाही.

'जन गण मन' हे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कोलकाता अधिवेशनात गायले गेले. त्या वेळी राम सिंह यांचा जन्मही झालेला नव्हता. १९१९ मध्ये टागोर मदनपल्ली येथील महाविद्यालयात मुक्कामास असताना त्यांनी हे गीत स्वतः गाऊन दाखवले आणि तेथे मार्गारेट कझिन्स यांच्या साहाय्याने त्याची स्वरलिपी तयार झाली. हॅम्बुर्ग येथील वादनही 'कौमी तराना'च्या आधीचे आहे. म्हणजेच मूळ चालीचे श्रेय टागोरांकडेच जाते.

असे असले तरी राम सिंह यांचे योगदान गौण ठरत नाही. टागोरांचे गीत ज्या संथ, प्रार्थनेच्या वळणाने गायले जाई, त्या वळणाने ते लष्करी बँडवर वाजवता येत नाही. त्यासाठी वेग निश्चित करावा लागतो, पितळी वाद्यांसाठी स्वरसंवाद लिहावा लागतो, ढोलाचे ठोके बसवावे लागतात आणि ताठ उभ्या असलेल्या सैनिकांसमोर शोभेल असा ठाम शेवट द्यावा लागतो. रणभूमीवरील फौजेसाठी हे काम राम सिंह यांनी केले.

या कामाचा परिणाम स्वातंत्र्योत्तर निर्णयावरही झाला. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी राष्ट्रगीताविषयी केलेल्या निवेदनात, ही धून आग्नेय आशियातील आझाद हिंद फौजेने स्वीकारली होती आणि त्यानंतर ती भारतातही काही प्रमाणात लोकप्रिय झाली, याचा उल्लेख केला होता. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा धून अधिक महत्त्वाची असते आणि ती वाद्यवृंदावर व लष्करी बँडवर वाजवता आली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत 'जन गण मन' हे राष्ट्रगीत म्हणून घोषित झाले. बँडवर हे गीत प्रभावी ठरते याचा अनुभव आझाद हिंद फौजेने आधीच घेतला होता आणि त्या अनुभवात राम सिंह यांचा मोठा वाटा होता.

कारावास, सुटका आणि स्वातंत्र्य

जानेवारी १९४४ मध्ये आझाद हिंद फौजेचे मुख्यालय रंगूनला हलवण्यात आले. इंफाळ आणि कोहिमाच्या मोहिमेत जपानी सैन्याबरोबरच आझाद हिंद फौजेलाही माघार घ्यावी लागली. उपासमार, मलेरिया आणि मुसळधार पाऊस यांनी शत्रूच्या गोळ्यांइतकेच बळी घेतले. मे १९४५ मध्ये रंगून पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. राम सिंह कैद झाले आणि त्यांना दिल्ली छावणीतील काबूल लाइन्स येथील बंदिवासात आणण्यात आले.

५ नोव्हेंबर १९४५ रोजी लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लन यांच्यावरील खटला सुरू झाला. या खटल्याने देश ढवळून निघाला. युद्धकाळात ज्या फौजेची वार्ताही सेन्सॉरमुळे भारतात पोहोचत नव्हती, तिची गीते आणि 'जय हिंद' हे अभिवादन आता सभांतून, मिरवणुकांतून घुमू लागले. १९४६ मध्ये राम सिंह यांची सुटका झाली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांनी वयाची ३३ वर्षे पूर्ण केली होती. स्वातंत्र्यसोहळ्याच्या निमित्ताने लाल किल्ल्यावर त्यांच्या वाद्यवृंदाने वादन केल्याचे त्यांच्याविषयीच्या लेखनात आढळते.

स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद फौजेतील सैनिकांना भारतीय सैन्यात परत घेण्यात आले नाही. शिस्त आणि निष्ठा यांविषयीचे प्रश्न पुढे करून सरकारने त्यांना अन्य सेवांची दारे खुली केली. राम सिंह यांनाही पलटणीत परतता आले नाही. १९४८ मध्ये ते लखनौ येथे उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलात, म्हणजेच पीएसीमध्ये रुजू झाले. तेथे त्यांनी दलाचा बँड उभारला, अनेक वादक घडवले आणि १९७४ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. निवृत्तीनंतरही मानद संगीतकार म्हणून त्यांचा सन्मान राखण्यात आला. उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७९ मध्ये त्यांना लाभला. पुढे सिक्कीम आणि पश्चिम बंगाल राज्यांच्या सरकारांनीही त्यांना गौरवले.

धून सैन्यात, संगीतकार बाहेर

राम सिंह यांना सैन्यात स्थान मिळाले नाही, पण त्यांच्या धूनेला मिळाले. 'कदम कदम बढाये जा' हे गीत कालांतराने भारतीय सैन्याच्या द्रुतगती संचलनगीतांपैकी एक प्रमुख गीत बनले. चित्रपटसृष्टीनेही ते उचलले. आझाद हिंद फौजेच्या पार्श्वभूमीवरील 'समाधी' या १९५० च्या चित्रपटात मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी ते वापरले आणि या गीताची ओळख नव्या पिढीला झाली. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या विजय चौकात झालेल्या 'बीटिंग रिट्रीट' समारंभातही तिन्ही दलांच्या संयुक्त बँडने ही धून वाजवली.

आझाद हिंद फौजेच्या सैनिकांना राजपथावरील संचलनात स्थान मिळण्यास मात्र बराच विलंब झाला. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी नव्वदी ओलांडलेले चार माजी सैनिक प्रथमच त्या संचलनात सहभागी झाले. तोपर्यंत त्यांचे बहुतेक सहकारी काळाच्या पडद्याआड गेले होते.

संचलनगीताच्या संगीतकाराचे नाव मागे पडण्याला काही कारणे त्या प्रकारातच दडलेली आहेत. गाण्याच्या मैफलीत श्रोते बसून ऐकतात आणि रचनाकाराची चौकशी करतात. संचलनात धून कानांवर पडते, पण लक्ष असते ते पावलांकडे आणि निशाणाकडे. बँडच्या पुढे चालणाऱ्या वादकाच्या हाती रचनेचा कागद असतो, समोरच्या जनसमुदायाच्या हाती तो नसतो. राम सिंह यांच्या बाबतीत यात आणखी एका कारणाची भर पडली. जी चाल निर्विवादपणे त्यांची आहे तिच्यापेक्षा, जी त्यांची नाही त्या राष्ट्रगीताच्या चालीवरच अधिक चर्चा झाली.

वृद्धापकाळीही राम सिंह निमंत्रणावरून समारंभांना जात आणि नेताजींनी दिलेल्या व्हायोलिनवर आझाद हिंद फौजेच्या धुना ऐकवत. १५ एप्रिल २००२ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लखनौ येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. देशभरातील लष्करी आणि पोलीस बँडच्या नित्याच्या सरावात 'कदम कदम बढाये जा' आजही शिकवले जाते.